चालावयास शिकविण्याची विद्या

एखाद्या विद्येची योग्यता तिच्या अंतरंगावरून न ठरवितां तिच्या प्रवेशास लागणाऱ्या गुणांवरून ठरविण्याची जी संवय अलीकडे आपल्या समाजास जडली आहे, तिचें एक ठळक उदाहरण म्हणजे भौतिकोपचाराची, लोकांच्या तोंडीं रुळलेल्या नांवानें बोलावयाचें तर फिजिओथेरपीची, पदवी होय. बारावीचे व वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचे निकाल लागले म्हणजे दरवर्षीं कांहीं पालक आम्हां शिक्षकांकडे सल्लामसलतीसाठीं येतात, आणि त्यांच्या बोलण्यांत एक वाक्य हटकून येतें : "सर, एम्. बी. बी. एस्. तर हुकलें, आतां फिजिओथेरपी तरी घ्यावी काय?" ह्यांतील 'तरी' हा शब्द मला फार खटकतो. त्या दोन अक्षरांत मुलाची निराशा, पालकांची अडचण आणि त्या विद्येविषयींचें अज्ञान हीं तिन्ही एकत्र नांदत असतात. ह्यांच्या उलट दुसरा एक पक्ष आहे; तो विचारतो कीं, मालिश करण्यास आणि यंत्राच्या वायरी लावण्यास इतकीं वर्षें शिकावें लागतें तरी कशाला?

ह्या दोन्ही पक्षांनीं ह्या पदवीच्या अभ्यासक्रमाचें पुस्तक कधीं उघडून पाहिलेलें नसतें. मीं तें पाहिलें आहे, आणि आमच्या शाळेच्या ज्या माजी विद्यार्थ्यांनीं व विद्यार्थिनींनीं हा मार्ग धरला त्यांच्याशीं वेळोवेळीं बोलणेंहि झालें आहे. त्यावरून माझें असें ठाम मत बनलें आहे कीं, ही पदवी म्हणजे हुकलेल्या वैद्यकाची उरलीसुरली शिल्लक नव्हे. ती मूलतः शिक्षकाची पदवी आहे. येथें शिकवावयाचें तें लुळ्या पडलेल्या हातास, आखडलेल्या गुडघ्यास आणि चार पावलांत धाप लागणाऱ्या छातीस. ज्याला शिकविण्याची आवड व धीर आहे त्यानें ही पदवी पहिल्या पसंतीनें घ्यावी. ज्याला तो नाहीं त्यानें नाइलाज म्हणूनहि घेऊं नये. हें माझें मत कशावर आधारलेलें आहे तें कळण्यास त्या वर्षांत मुलें काय शिकतात हें थोडें पाहिलें पाहिजे.

महाराष्ट्रांतील बहुतेक महाविद्यालयांत हा अभ्यासक्रम नाशिक येथील आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या देखरेखीखालीं चालतो. पुष्कळ वर्षें तो साडेचार वर्षांचा होता. चार वर्षें अभ्यास व सहा महिने रुग्णालयांत प्रत्यक्ष काम. सन २०२१ च्या कायद्यान्वयें नेमलेल्या राष्ट्रीय आयोगानें २०२५ सालीं जो नवा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला, त्यांत हें प्रत्यक्ष काम एक वर्षाचें केलें आहे. म्हणजे एकंदर पांच वर्षें झालीं.

पहिल्या वर्षीं शरीररचनाशास्त्र व शरीरक्रियाशास्त्र हे दोन मोठे विषय असतात. शवविच्छेदनाच्या दालनांत प्रथम पाऊल टाकतांना भल्याभल्यांचा धीर खचतो, हें आमच्या एका विद्यार्थिनीनें मोकळ्या मनानें सांगितलें होतें. प्रौढ माणसाच्या शरीरांतील २०६ हाडांचीं नांवें पाठ करणें हा त्यांतला सोपा भाग समजावा. खरें काम पुढें असतें. प्रत्येक महत्त्वाचा स्नायु कोणत्या हाडापासून निघतो, कोणत्या हाडास जाऊन चिकटतो, कोणता मज्जातंतु त्याला चेतना देतो आणि तो आंखडला म्हणजे कोणती हालचाल घडते, हें सर्व सांगतां आलें पाहिजे. आणि नुसतें सांगून भागत नाहीं, तर जिवंत माणसाच्या त्वचेवरून बोटांनीं तो स्नायु चांचपून दाखवितां आला पाहिजे. वैद्यकाच्या विद्यार्थ्यास यकृत व मूत्रपिंड ह्यांचा जितका परिचय लागतो, तितका ह्या विद्यार्थ्यास खांद्याचा व मणक्यांचा लागतो. परीक्षेच्या दिवसांत हीं मुलें एकमेकांच्या पाठीवर व दंडांवर पेनानें रेघा ओढून स्नायूंच्या कडा शिकतात असें ऐकतों. आमच्या वर्गांत कोणीं असें केलें असतें तर त्यास बाकावर उभें राहावें लागलें असतें!

पण ज्या विषयावर ह्या विद्येची सर्व इमारत उभी आहे तो विषय गतिशास्त्राचा होय. माणूस कसा उभा राहतो, कसा चालतो, खालीं बसून कसा उठतो, ह्याचा हिशेब त्यांत मांडतात. आमच्या मुलांनीं वर्गांत तरफेचे तीन प्रकार पाठ केले आहेत; टेकू, भार व बल ह्यांच्या आकृत्या काढून गुणहि मिळविले आहेत. ही तरफ स्वतःच्या दंडांत आहे हें मात्र फारच थोड्यांच्या ध्यानांत येतें. कोपर हा टेकू. तळहातावरील वस्तु हा भार. आणि दंडाचा स्नायु कोपरापासून सुमारें पांच सेंटिमीटरांवर पुढच्या हातास जेथें चिकटतो तेथें बल. तळहात कोपरापासून पस्तीस सेंटिमीटरांवर आहे असें धरिलें, तर दोन किलोंची पिशवी तोलून धरण्यास त्या स्नायूस चौदा किलोंच्या भाराइतकें ओढावें लागतें. हाताचें स्वतःचें वजन ह्यांत धरलेलेंच नाहीं. हा सौदा तोट्याचा दिसतो खरा, परंतु त्याच्या मोबदल्यांत हाताला वेग व पल्ला मिळतो. चेंडू फेंकणाऱ्या मुलास ह्याचा अर्थ सांगावा लागत नाहीं.

ह्याच गणिताचें दुसरें उदाहरण प्रत्येक घराच्या उपयोगाचें आहे. खुब्याचा सांधा दुखूं लागला म्हणजे म्हातारीं माणसें काठी घेतात, आणि ती बहुधा दुखऱ्या बाजूच्याच हातांत घेतात. सामान्य बुद्धीस तेंच बरोबर वाटतें. वास्तविक ती उलट हातांत पाहिजे. आपण उजव्या पायावर उभे राहून डावा पाय उचलला कीं शरीराचा भार उजव्या खुब्याच्या डाव्या अंगास पडतो व कंबर डावीकडे कलूं पाहते. ती कलूं नये म्हणून उजव्या खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायु तिला ओढून धरतात. परंतु त्यांची भुजा आंखूड असल्यामुळें त्यांना शरीराच्या वजनाच्या सुमारें दुप्पट ओढ लावावी लागते. ही ओढ आणि शरीराचें वजन मिळून सांध्यावर जो दाब येतो, तो वजनाच्या जवळजवळ तिप्पट भरतो. आतां काठी डाव्या हातांत दिली तर ती खुब्यापासून लांब असल्यामुळें थोड्याशा दाबानेंहि कंबरेस सांवरून धरते, स्नायूंचें काम हलकें होतें व सांध्यावरील ओझें पुष्कळ उतरतें. एक पैशाचें औषध नाहीं, सुई नाहीं. काठीचा हात बदलला एवढेंच. परंतु तो कां बदलावा हें रोग्यास पटवून देण्यास भौतिकशास्त्र यावें लागतें, आणि सत्तर वर्षांच्या आजोबांना तें पटविण्यास भौतिकशास्त्राहून आणखी कांहीं यावें लागतें.

दुसऱ्या वर्षीं विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधिशास्त्र व मानसरोगशास्त्र, तिसऱ्या वर्षीं वैद्यक, शस्त्रक्रियाशास्त्र, अस्थिरोग, स्त्रीरोग व प्रसूति, सामाजिक आरोग्य असे विषय येतात. त्यांची येथें यादी करण्यांत हंशील नाहीं. भौतिकोपचारतज्ज्ञ औषध लिहून देत नाहीं किंवा शस्त्र हातीं धरीत नाहीं. परंतु रोगी कोणतीं औषधें घेत आहे, त्याच्या हाडांत कोणती पट्टी बसविली आहे, आणि त्याच्या पाठदुखीच्या मागें साधा लचका आहे कीं मणक्यांत उतरलेला क्षय आहे, ह्याची शंका येण्याइतकें ज्ञान त्याला हवें. नाहीं तर ज्या रोग्यास तांतडीनें डॉक्टरकडे धाडावयाचें त्यास तो व्यायाम देत बसेल.

मोजमापाविषयीं मात्र दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. सांध्याची हालचाल कोनमापकानें अंशांत मोजतात. खांदा बाजूनें वर १८० अंशांपर्यंत उचलला जावा, तो ९० वर अडला तर ९० लिहावयाचें. 'जरा बरें आहे' असें लिहून चालत नाहीं. स्नायूंच्या बळास शून्यापासून पांचांपर्यंत गुण देतात. स्नायु मुळींच हालत नाहीं तर शून्य. नुसती फडफड जाणवली तर एक. गुरुत्वाकर्षणाचा अडथळा काढून टाकल्यावर हालचाल होते तर दोन. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध होते तर तीन. वरून थोडा दाब दिला तरी टिकते तर चार. आणि पूर्ण बळास पांच. आम्ही शिक्षक शंभरांपैकीं गुण देतों, आणि एकोणसत्तर व सत्तर ह्यांतील भेद कोणी विचारला तर गोंधळतों. ह्या सहा पायऱ्यांतील प्रत्येक पायरीचा अर्थ मात्र स्वच्छ आहे. अर्धांगवायूनें पडलेल्या मनुष्याच्या मनगटास पहिल्या आठवड्यांत शून्य आणि पांचव्यांत एक मिळाला, तर त्या घरीं तो दिवस सणाचा असतो.

आतां यंत्रांविषयीं. विद्युदुपचार हा विषय पहिल्या दोन वर्षांत शिकवितात. ध्वन्यातीत लहरी, लघुलहरींची उष्णता, वेदना शमविणारे सौम्य विद्युत्प्रवाह, हीं साधनें कशीं चालतात, शरीरांत किती खोल जातात आणि कोणास अपाय करतील, हें त्यांत येतें. हृदयांत गतिनियामक बसविलेल्या मनुष्यास लघुलहरींच्या यंत्राजवळ बसविणें किती धोक्याचें आहे हें न शिकतां कोणीं तें यंत्र चालवूं नये. परंतु लोकांचा यंत्रांवर जो भाबडा विश्वास आहे त्यास हा अभ्यासक्रम स्वतःच दुजोरा देत नाहीं. अलीकडच्या संशोधनानें ध्वन्यातीत लहरींच्या पुष्कळशा उपयोगांविषयीं शंका उत्पन्न केली आहे, आणि जुनाट पाठदुखीसारख्या विकारांत योग्य व्यायामाची बाजू अधिक बळकट ठरत आहे. तरी रोग्यास यंत्र हवें असतें, कारण यंत्राखालीं नुसतें पडून राहतां येतें; व्यायाम स्वतः करावा लागतो. जेथें रोग्यास वीस मिनिटें यंत्र लावून, एक शब्दहि न शिकवितां, पैसे घेऊन परत धाडतात, तेथें ह्या विद्येचा नव्हे तर तिच्या आळशी भावंडाचा धंदा चालतो, असें मी स्पष्ट म्हणेन.

शेवटच्या वर्षीं हीं सर्व शास्त्रें रोग्याच्या खाटेजवळ एकत्र येतात. अस्थि व स्नायु, मज्जासंस्था, हृदय व फुप्फुसें, आणि समाजांतील भौतिकोपचार असे त्या वर्षाचे चार मुख्य भाग आहेत, आणि चारहि भागांत शिकविणें हेंच मुख्य काम आहे. कुबड्या घेतलेल्यास सांगावें लागतें कीं भार तळहातांवर घ्यावा, कांखेंत घेऊं नये. नाहीं तर कांखेंतील मज्जातंतु दबून हात लुळा पडतो. एका पायानें अधू असलेल्यास जिना शिकवावा लागतो. चढतांना चांगला पाय आधीं, उतरतांना दुखरा आधीं. अर्धांगवायूच्या रोग्याच्या मुलांस सांगावें लागतें कीं वडिलांना उठवितांना लुळा हात धरून ओढूं नका, खांद्याचा सांधा निसटतो. छातीची शस्त्रक्रिया झालेल्यास खोकावयास शिकवावें लागतें, कारण टांके दुखतात म्हणून तो खोकत नाहीं व कफ आंत सांचतो. खोकणें हीसुद्धां शिकविण्याची गोष्ट असेल असें आपणांपैकीं कितीजणांस वाटलें असतें? प्रसूतीनंतर कटितलाचे स्नायु पुन्हां बळकट करण्याचे व्यायामहि ह्यांतच येतात. आपल्याकडे लाजेखातर असंख्य मातांनीं त्याविषयीं कोणास विचारलेंच नाहीं, आणि जन्मभर त्रास सोसला.

समाजांतील भौतिकोपचार हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. येथें पाश्चात्य पुस्तकांचा आधार कमी पडतो. त्या पुस्तकांत रोगी खुर्चीवरून उठतो. आपला रोगी जमिनीवरून उठतो. त्याला पाटावर जेवावयाचें असतें, उकिडवें बसावयाचें असतें, विहिरीच्या पायऱ्या उतरावयाच्या असतात. गुडघा १२० अंश वांकला म्हणजे विलायती पुस्तकाच्या मतें काम फत्ते झालें असेल. पण ज्या शेतकऱ्यास बांधावर बसून निंदणी करावयाची आहे त्यास पुढच्या अंशांचीच गरज असते. त्याला तेवढे अंश मिळवून द्यावयाचे, कीं बसण्याची पद्धत बदलावयास शिकवावयाचें, हा निर्णय रुग्णालयाच्या खोलींत बसून होत नाहीं. त्यासाठीं त्याचें घर व शेत पाहावें लागतें.

ही विद्या आपल्या देशांत फार जुनी नाहीं. मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयांत १९५२ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें तिचें शिक्षण सुरू झालें. त्या काळीं पोलिओनें पाय गेलेलीं मुलें हें एक मोठें काम होतें. २७ मार्च २०१४ रोजीं भारत पोलिओमुक्त झाल्याचें प्रमाणपत्र मिळालें; म्हणून काम संपलें असें मात्र नाहीं. रस्त्यावरील अपघात, अर्धांगवायु, मधुमेह व वाढतें आयुर्मान ह्यांनीं तें उलट वाढविलें आहे. जगांत सुमारें २४० कोटि माणसांस, म्हणजे दर तिघांपैकीं एकास, पुनर्वसनाच्या उपचारांचा उपयोग होण्यासारखा आहे असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

पुनर्वसन ह्या शब्दाचा अर्थ वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजाच्या इतिहासांत स्पष्ट दिसतो. तेथें डॉ. पॉल ब्रँड ह्यांनीं १९४८ च्या सुमारास महारोगानें वांकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करण्यास आरंभ केला. बोट वांकविणारी एक कंडरा काढून ती दुसऱ्या जागीं जोडावयाची आणि तिच्याकडून गेलेल्या स्नायूचें काम करून घ्यावयाचें, अशी ती युक्ति होती. परंतु शस्त्रवैद्यानें कंडरा कितीहि सुबक जोडली, तरी तिला नवें काम आहे हें मेंदूस ठाऊक नसतें. रोगी जुनी हालचाल मनांत आणतो आणि नवीच घडते. आठवड्यामागून आठवडे त्याच्यासमोर बसून तें बोट पुन्हां शिकवावें लागतें. हें काम भौतिकोपचाराचें. त्याच संस्थेंतील डॉ. मेरी वर्गीस ह्यांस १९५४ सालीं मोटारीच्या अपघातांत मज्जारज्जूस इजा होऊन कंबरेखालचें शरीर निकामी झालें. पुढें चाकांच्या खुर्चीवर बसून त्यांनीं महारोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, आणि अमेरिकेंत पुनर्वसनाचें शिक्षण घेऊन येऊन वेल्लोरास तें कार्य उभें केलें. १९६६ सालीं तेथें स्वतंत्र पुनर्वसनसंस्था सुरू झाली. ज्या बाईंस स्वतः खाटेवरून खुर्चीवर सरकावयास नव्यानें शिकावें लागलें होतें, त्यांच्या हाताखालीं रोग्यांनीं 'आम्हांस जमणार नाहीं' असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

आतां पालकांचे आक्षेप. पहिला पैशाचा. खासगी महाविद्यालयांचें शुल्क जड असतें आणि पदवीनंतरचा प्रारंभींचा पगार बहुधा थोडा असतो. हें खरें आहे व तें लपवून मुलांस तिकडे ढकलणें अप्रामाणिकपणाचें होईल. कर्ज काढून मुलास पाठविणाऱ्या बापानें हा हिशेब आधींच मांडावा, आणि पदवीपुढें आणखी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यास धरूनच मांडावा. दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. 'आमचा मुलगा खरा डॉक्टर नव्हे' ही खंत ज्या घरांत आहे, तेथें त्या मुलास ह्या पदवीस पाठविणें मला क्रूरपणाचें वाटतें. पांच वर्षें तो जें शिकेल त्याकडे तो सतत उणेपणानें पाहील, आणि रोग्यास तें लागलीच कळतें. मुलगी आहे, हलकें काम आहे, असें म्हणून येणाऱ्यांनीं एकदां सहा फुटी अर्धांगवायूच्या रोग्यास खाटेवरून उभें करणारी मुलगी पाहावी. तिला ताकदीपेक्षां तरफेचें ज्ञान उपयोगी पडतें हें खरें. पण काम हलकें नव्हे.

कोणीं जावें? वर्गांत मागें पडलेल्या सोबत्यास तेंच गणित चौथ्यांदा न रागावतां समजावून देणारीं मुलें आम्हांस ठाऊक असतात. त्यांचे गुण कधीं कधीं बेताचे असतात. त्यांच्याकडे पाहून मला ह्या पदवीची आठवण होते.

अशा मुलांनीं अकरावींत जीवशास्त्राबरोबर भौतिकशास्त्र व रसायनशास्त्रहि ठेविलें पाहिजे. महाराष्ट्रांत ह्या अभ्यासक्रमाचा प्रवेश 'नीट' परीक्षेच्या गुणांवरून होतो. नियम बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वीं त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. महाविद्यालय पाहावयास गेल्यावर इमारतीपेक्षां रुग्णालय पाहावें. तें महाविद्यालयाचें स्वतःचें आहे काय, तेथें रोज किती रोगी येतात, आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यास रोग्यास हात लावूं देतात कीं लांबून पाहावयास लावतात, हें तेथल्याच विद्यार्थ्यांस विचारावें. आणि त्याआधीं, दहावीच्या सुटींत, आपल्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांतील भौतिकोपचार विभागांत परवानगी काढून एक सकाळ बाकावर बसून यावें. बरोबर पालक असले तर अधिक बरें.